एक नंबरवरची पार्टी

एकाच पार्टीची गाणी सलग ऐकत बसणं मला कधी जमलं नाही. तिसऱ्या गाण्याला पाय हलायला लागतो, चौथ्याला बोट पुढच्या बटणावर जातं. आई म्हणायची, "याच्या बुडाखाली इंगळ ठेवला का बापा कोणं?" असेल ठेवला. पण त्यामुळेच मला कलेक्शन आवडतात. पन्नास गाणी, पन्नास पार्ट्या, आणि एक संपली की पुढे काय येणार याचा पत्ता नाही. मला आज जेवढ्या धुमाल पार्ट्या माहीत आहेत तेवढ्या अख्ख्या भंडारा जिल्ह्यात फार कमी लोकांना माहीत असतील. हे मी मोठेपणानं सांगतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. त्या सगळ्या मला आधी सीड्यांनी आणि मग मेमरी कार्डांनी शिकवल्या.

धुमाल म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण पुण्याहून आलेल्या एका साहेबाला मला एकदा सांगावं लागलं होतं, म्हणून इथंही सांगतो. एक मिनीट्रक असतो. त्याच्यावर माणसाच्या उंचीच्या वर रचलेले स्पीकर, मागे जनरेटर, आणि मध्ये एक माणूस की-बोर्ड घेऊन उभा. ढोलवाले, ताशेवाले, ड्रमवाला त्याच्या आजूबाजूला. या सगळ्या ताफ्याला पार्टी म्हणतात. गाणारा कुणी नसतो. गाणं की-बोर्डच गातो, आणि वरातीतले लोक त्याच्यापुढे नाचतात. नवरदेव लेट होतो, मंडपात भटजी ओरडत राहतो, पण धुमाल जोरात असली तर वरात जागची हलत नाही.

माझी पहिली सीडी मी दहावीत असताना लाखनीच्या हायवेवरच्या दुकानातून घेतली. कव्हरवर वाघाचं चित्र. नागझिऱ्याचा वाघ आणि धुमाल यांचा काय संबंध, ते छापणाऱ्यालाच माहीत. मागच्या बाजूला गाण्यांची यादी होती, 'धुमाल एक, धुमाल दोन' अशी, थेट पन्नासपर्यंत. पार्टीचं नाव कुठंच नव्हतं. ते कळायचं गाण्यातच. गाणं रंगात आलं की पार्टीचा माणूस माईकवर मध्येच ओरडायचा. आधी गावाचं नाव, मग पार्टीचं, मग की-बोर्डवाल्याचं. रेकॉर्डिंग कुणीही करो, कुणीही विको, नाव गाण्याच्या पोटात बसलेलं असायचं. ही त्या धंद्याची रीतच होती. वरातीत ऐकलं, सीडीवर ऐकलं, आवडलं, की माणूस त्या गावाला जाऊन पार्टी ठरवून येणार. पत्रक नको, पाटी नको.

मी त्या ओरडण्याची वाट पाहत बसायचो. गोंदिया आलं, तुमसर आलं, दुर्ग आलं. सतरा नंबरवर बालाघाटकडची एक पार्टी होती. तिचा की-बोर्डवाला सूर ओढून धरायचा आणि सोडायचाच नाही, आपला जीव वरखाली व्हायचा. ती पार्टी साकोलीला एका लग्नात येणार हे कळलं तेव्हा मी सायकल काढली. नवरा कोण, नवरी कोण, मला काही माहीत नव्हतं. पार्टी ऐकली, आणि जेवलोसुद्धा. पंगतीत एकानं विचारलं, "कोनाकडून आहे बाबू?" मी म्हटलं, "धुमालकडून." तो म्हणाला, "मंग वाढा याले आणखी."

पुढे मी भंडाऱ्याला कॉलेजात जायला लागलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं, खरं सांगायचं तर बारावीपर्यंतही नाही. सकाळची बस, दुपारी परत, आणि दुपारनंतर त्याच लाखनीच्या दुकानात कामाला. तोवर सीड्या मागे पडल्या होत्या. लोक मोबाइल घेऊन यायचे, कार्ड काढून द्यायचे आणि म्हणायचे, "भरून दे." म्हणजे गाणी भरून दे. कोणाला लग्नाची पाहिजे, कोणाला जयंतीची, कोणाला छत्तीसगढी. धुमाल सगळ्यांनाच पाहिजे. कोणती गाणी, कोणत्या क्रमानं, हे मी ठरवायचो. माझ्या हातचं कलेक्शन घ्यायला लोक साकोलीच्या दुकानांतले पोट्टे सोडून लाखनीला यायचे. पहिल्या नंबरवर काय टाकायचं याचा मी बसमध्ये विचार करत यायचो, अभ्यासाचा एवढा केला असता तर डिस्टिंक्शन आलं असतं.

मालकाचा एक नियम होता. पार्ट्यांची नावं राहू द्यायची, पण प्रत्येक गाण्यात एकदा आपल्या दुकानाचं नाव आलं पाहिजे. बाकी दुकानदार आपलं कलेक्शन उतरवून घेतात म्हणून. ते नाव बोलायला मालकानं मला लावलं. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी आवाज कापायचं, जोडायचं शिकून आलो होतो. माझा आवाज गाण्यात टाकला, त्याला जरा घुमवला, आणि तो जिल्हाभर वाजायला लागला. लग्नाच्या मांडवात मी जेवायला बसलेलो असताना माझ्या डोक्यावरच्या भोंग्यातून मीच बोलायचो. बहीण कोपर मारायची. बाबा मात्र एकदा म्हणाले, "पंधरा वर्षं शिकवला तुले, आन् आता दुकानाचं नाव घेऊन राहिला." मी हसलो. मला तेव्हा त्यात कौतुकच ऐकू आलं.

त्या वर्षी लग्नसराई सुरू व्हायच्या जरा आधी दुकानात एक माणूस आला. तिशीचा असेल. हातावर राइस मिलचा कोंडा, तो धुऊनही जात नाही, केसांत राहतो. नागझिऱ्याच्या बाजूच्या एका गावचा होता. त्यानं आणि त्याच्या गावच्या सहा जणांनी पार्टी काढली होती, पहिलंच वर्ष. की-बोर्ड तो स्वतः वाजवायचा. त्यानं मोबाइल माझ्यापुढे केला.

"ऐकून पाहा भाऊ. पसंत आलं त टाका तुमच्या कलेक्शनमंधी. लोक म्हणतात, तुमच्या कार्डात आलं का सीझन निघते."

मी हेडफोन लावला. सिनेमातलं गाणं नव्हतं ते. चाल त्याची स्वतःची होती. सुरुवातीला नुसता की-बोर्ड, एकटाच, कुणाला तरी हाक मारल्यासारखा. मग ताशा, मग ढोल एकदम, आणि चाल तीच पण आता धावत सुटलेली. माझा पाय हलत होता, पण पुढच्या बटणाकडे बोट गेलं नाही. संपल्यावर मी पुन्हा लावलं. असं माझं कधी होत नाही.

"कोणाची चाल आहे?"

"माहीच आहे." मग जरा थांबून म्हणाला, "नाव तेवढं येऊ द्या भाऊ. नाव आलं नाई त ही पार्टी एका सीझनचीच. सहाही जण हो म्हणून राहिले तेवढ्यावर."

"येते ना," मी म्हटलं. "एक नंबरवर टाकतो."

तो गेला आणि मी लगेच कामाला बसलो. दुकानाचं नाव कुठं टाकायचं ते पाहत होतो. गाणं इतकं गच्च होतं की कुठं जागाच नव्हती. एकच जागा होती, ढोल उसळी घेतो त्याच्या ऐन आधी. आणि तिथं त्याच्या पार्टीचं नाव होतं. ओरडणारा नवखा होता, आवाज फाटलेला, 'पार्टी' म्हणताना त्याला हसू आलं होतं. मी ते कापलं. तिथं माझा आवाज बसवला.

बरीच वर्षं मी लोकांना सांगत होतो की मालकानं कापायला लावलं. मालक त्या दिवशी दुकानात नव्हताच, तो पवनीला साळ्याकडे गेला होता. माझा आवाज तिथं जास्त चांगला वाटत होता, एवढंच. मला वाटलं नाव दुसरीकडे कुठंतरी टाकू, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मग दुसरं आलं. संध्याकाळपर्यंत ते कलेक्शन पंचवीस-तीस कार्डांत गेलं होतं.

ते असं चाललं की विचारू नका. लग्नात, हळदीत, ट्रॅक्टरवर, पानठेल्यावर, सगळीकडे एक नंबर. लोक दुकानात येऊन विचारायचे, "ते एक नंबरवाली पार्टी कोनती आहे हो?" मी सांगायचो, गावाचं नाव सांगायचो, पार्टीचं सांगायचो. पण दुकानात विचारणारे दहा, आणि कार्डातून कार्डात घेणारे हजार. त्या हजारांना कोण सांगणार? मला चैन पडेना. मी ते पुन्हा करायला बसलो, त्याचं नाव परत जागेवर बसवलं, माझं काढलं आणि येईल त्याच्या कार्डात हे नवीन घालायला लागलो. लोक परत यायचे. "भाऊ, तुमी दिलेलं बराबर नाई आहे. आमाले ओरिजनल पायजे."

महिना-दीड महिन्यानं तो आला. दुकानात गर्दी होती, तो एका बाजूला उभा राहिला. गर्दी ओसरल्यावर म्हणाला, "आवाज चांगला आहे भाऊ तुमचा."

मी काउंटरवरची कार्डं गोळा करायला लागलो. तोच पुढे बोलला.

"परवा आमच्याच गावात लगन होतं. नवरीच्या बापानं दुसरी पार्टी आनली, तुमसरची. म्हने, ते एक नंबरवाले हेच आहेत. मी त्याले म्हटलं, काकाजी, ते माहं आहे. तो म्हने, आजकाल सबच असे म्हणतात."

"मी नवीन बनवलं आहे. नाव टाकून."

"हो. ऐकलं. एका जनाकडे आहे."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं चहासुद्धा घेतला, दोन्ही हातांत कप धरून. त्या सीझनमध्ये त्यांना तीन लग्नं मिळाली, त्यातलं एक त्याच्या मेव्हण्याचं. पावसाळ्याआधी पार्टी मोडली.

माझा रिझल्ट लागला. मी बी.ए. झालो. बाबांनी गावात पेढे वाटले, आणि दुकानाचा विषय पुन्हा काढला नाही. मी दुकान सोडलं. मग परीक्षा दिल्या, तलाठ्याची, ग्रामसेवकाची, वनरक्षकाची. धावण्यात पास व्हायचो आणि पेपरात दोन-चार मार्कांनी राहायचो. आता ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवतो. दाखले देतो. लोक मला साहेब म्हणतात आणि ते मला आवडतं. पण खुर्चीवर तासभर सलग बसवत नाही. दर थोड्या वेळानं उठून दारापर्यंत जाऊन येतो. शिपाई विचारतो, "कोणी येनार आहे का साहेब?"

गाणी ऐकणं सुटलं नाही. आता सगळं फोनमध्येच आहे. कोण कुठला पोरगा बसून पन्नास-पन्नास धुमालांची यादी लावतो, मी ती ऐकतो, नवीन पार्ट्या शोधतो. हल्ली छत्तीसगडच्या काही पार्ट्या मला वेड लावतात. आणि प्रत्येक यादीत ती चाल असते. कधी एका पार्टीच्या नावावर, कधी दुसऱ्या. माझा आवाज त्यात नाही, तो साकोलीच्या एका दुकानदारानं केव्हाच कापला. बरं झालं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. मी नाव कापलं तेव्हा घाईत कापलं होतं. तालाच्या मापानं न कापता नुसत्या कानानं. त्यात अर्धी मात्रा गेली. ढोल उसळी घ्यायच्या आधी गाणं एक पाय खड्ड्यात पडल्यासारखं अडखळायचं. माझा आवाज होता तोवर ते झाकलं जायचं. आवाज गेला आणि अडखळणं उघडं पडलं. आणि आता ज्या पार्ट्या ती चाल रस्त्यावर वाजवतात, त्या सगळ्या ते अडखळणंही वाजवतात. कार्डावरून शिकल्या ना! तिथं ढोल थांबतो, पोट्टे हवेत उडी मारतात आणि ढोल पडला की खाली येतात. जिल्हाभराचे नवरदेव माझ्या चुकीवर घोड्यावर डुलतात.

गेल्या उन्हाळ्यात साकोलीला एका मित्राच्या भावाच्या वरातीत मी ते बघत उभा होतो. पाय हलत होता. सहज ट्रककडे पाहिलं तर की-बोर्डवर तो. केस पांढरे झालेले, अंगात दुसऱ्या पार्टीचा लाल शर्ट. स्वतःची चाल वाजवत होता, आणि ती जागा आली तेव्हा तोही अडखळला. बरोबर तसाच.

वरात हॉटेलासमोर थांबली तेव्हा मी ट्रकजवळ गेलो. त्यानं मला लगेच ओळखलं.

"या साहेब. अजून बोलता का गान्यात?"

"नाही. तुम्ही तरी तिथं काहून थांबता? तुम्हाला तर खरं माहीत आहे."

"नाई थांबलो त पोट्टे म्हणतात, याले येत नाई. पार्टीच्या मालकानं सांगून ठेवलं आहे, तेथी थांबाचं."

मी म्हटलं, "एकदा बरोबर वाजवून द्या. मी रेकॉर्ड करतो. नावासकट."

"कोनाच्या नावानं? पार्टी त राह्यली नाई."

"तुमच्या पार्टीच्या. होती ना?"

तो हसला, ढोलवाल्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "इतवारी या. मिल बंद राह्यते."

रविवारी सकाळी मी त्याच्या गावाला गेलो. त्यानं अंगणात बाजेवर की-बोर्ड ठेवला होता, वर टॉवेल झाकून. बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. जुनं रेकॉर्डिंग त्याच्याकडेही नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. त्याचा फोन पाण्यात पडला होता आणि दुकानातला कॉम्प्युटर मीच पुसून ठेवला होता. मी फोन उभा केला, तो वाजवायला लागला.

सुरुवात तीच, एकटी, हाक मारल्यासारखी. मग हात धावायला लागले, ती जागा आली, आणि तो अडखळला.

"हं. पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा अडखळला. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटून वाजवलं, आणि हात तिथंच थांबले. तो स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. मी उठलो, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. माझ्या लक्षात आलं होतं की इतकी वर्षं मी त्याचं फक्त नाव गेलं असं समजत होतो.

"आठवूनच नाई राहिलं, भाऊ," तो म्हणाला. "मधात काय होतं?"

चुलीपाशून बायको म्हणाली, "तसं नाई ते."

"मंग कसं?"

"मले कायले विचारता? बनवलं तुमी." तिनं भाकरी उलटवली. "चार महिने डोकं खाल्लं माहं त्यानं. रोज संध्याकाळी तेच." आणि तव्याकडे बघतच तिनं ती चाल तोंडानं म्हणून दाखवली. ता ना ना, असं काहीतरी. ती त्या जागेपाशी आली आणि न थांबता, पाणी उतारावरून जावं तशी, पुढे गेली.

तो ऐकत होता. "अजून एक बार म्हण."

"भाकर जळते."

"जळू दे."

तिनं म्हटलं. त्यानं तिच्यामागून वाजवलं. पहिल्यांदा जरा चाचपडत, मग नीट. शेवटाला त्यानंच तोंडानं गावाचं नाव घेतलं, पार्टीचं घेतलं, आणि त्या सहाही जणांची नावं एकेक करून घेतली. त्यातला एक आता या जगात नाही, हे त्यानं फोन बंद झाल्यावर सांगितलं. मग आम्ही जेवलो. एक भाकर खरंच जळली होती, ती त्यानं मागून घेतली.

मी त्या रेकॉर्डिंगमधलं काही कापलं नाही. तिचं 'तसं नाई ते', तव्याचा आवाज, मध्येच ओरडलेला कोंबडा, सगळं तसंच ठेवलं. फोनवर माझी स्वतःची पन्नास पार्ट्यांची यादी आहे, तिच्यात एक नंबरवर टाकलं आणि सगळ्यांना पाठवलं.

चार दिवस मी दर तासाला उघडून बघत होतो. ऐकणारे एकोणीस. पाचव्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी खाली लिहिलं. लाखांदूरकडचा कुणी पोरगा होता. 'चांगलं आहे, पण वाजवणाऱ्याले जमलं नाही. ओरिजनलमंधी तेथी थांबते.'

मी दाखल्यांची रांग तशीच ठेवून ते वाचलं. उत्तर लिहिलं, लांबलचक. पुसलं. पुन्हा लिहिलं, त्यात माझी डिग्री, कॉम्प्युटर लॅब, मालक, सगळं होतं. तेही पुसलं. दारापर्यंत जाऊन आलो. मग एवढंच लिहिलं, 'ते थांबणं मी घातलं आहे, चुकून. हे ओरिजनल आहे.'

त्याचं उत्तर लगेच आलं. 'तुमी कोण?'

खिडकीसमोर एक म्हातारा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभा होता. मी त्याला बसायला सांगितलं, आणि माझं नाव, माझं गाव, कोणत्या वर्षी कोणत्या दुकानात काय काम करत होतो, ते सगळं लिहायला लागलो.